चिवड्याची छत्री

९ सप्टेंबर १९५४, गुरुवार

आज सकाळपासून तो बाक आठवतो आहे. ढाकुरियाच्या तळ्याकाठचा. कलकत्त्याला बिऱ्हाड केलं, त्या पहिल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. आम्ही दोघं, मधे तिखट चुरमुऱ्यांचा, झालमुरीचा पुडा. हे ऑफिसातल्या कुणा मुखर्जींची नक्कल करत होते आणि मला हसून ठसका लागला होता. तेवढ्यात एक म्हातारी कुत्री समोरून गेली. आमच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पण यांनी बोलता बोलता दोन्ही पाय उचलले, बाकावर मांडी घातली आणि नक्कल पुढे चालू! कुत्री दिसेनाशी झाली तेव्हा पाय खाली आले. साताऱ्याला लहानपणी यांना कुत्रं चावलं होतं आणि घोट्यावर तापल्या सळईचा डाग दिला होता, हे पुढे सासूबाईंनी सांगितलं. तीस वर्षं होत आली. अजूनही तळ्यावर कुत्रं दिसलं की पाय वर. आता गुडघे कुरकुरतात, तरी वर.

आणि अशा माणसाच्या घरात मी आज कुत्र्याचं पिल्लू आणलं.

आमच्या खाली घरमालकीण राहतात, नीहारदी. त्यांच्या भाच्याच्या कालीघाटातल्या गल्लीतलं हे पिल्लू. याची आई ट्रामखाली गेली. गल्लीतल्या लोकांनी याला मारून मारून पळवलं. पिवळं, तपकिरी, मधेच पांढरं — अगदी चिवडा सांडल्यासारखं अंग. नाव तिथेच ठरलं.

"हे काय आहे?" हे पेपरावरून म्हणाले.

"पिल्लू."

"ते दिसतंय. कुणाचं?"

"आपलं."

पेपर पुन्हा वर गेला. त्यामागून आवाज आला, "आपलं म्हणजे तुझं."

१० सप्टेंबर

कपाटाखाली आहे. कालपासून बाहेर आलं नाही. दूधवाला आला — भुंकलं. भांडं पडलं — भुंकलं. मी शिंकले — भुंकलं. एवढ्याशा अंगात हा आवाज राहतो कुठे? हे दिवसभर पाय खुर्चीवर घेऊन बसले. घरात दोन घाबरट झाले आणि दोघंही एकमेकांना वाघ समजतात.

१२ सप्टेंबर, रविवार

साजूक तूप घालून दूधभात केला. तोंड लावलं नाही. साखर घातली. तरी नाही. "उपास असेल," हे म्हणाले. यांचा विनोद निवृत्तीनंतर फार कमी झाला आहे, म्हणून मी पदरात घेतला.

खरंच, निवृत्त झाल्यापासून यांचं काहीतरी हरवलं आहे. पस्तीस वर्षं हिशेब तपासले, आता तपासायला काही उरलं नाही. मी भाजीला गेले, मंडळात गेले, तर परत येईपर्यंत त्याच खुर्चीत. तिन्हीसांजा झाल्या तरी उठून दिवा लावायचे नाहीत. "तू येशीलच म्हटलं."

दुपारी मदर अगाथांची आठवण आली. लहानपणी जबलपूरच्या कॉन्व्हेंट शाळेत मी नवी होते तेव्हा जिन्याखाली जाऊन रडायची. बाकीच्या सिस्टर मला समजवायला यायच्या, ओढून बाहेर काढायच्या. मदर अगाथा एक दिवस माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसल्या आणि मोजा विणायला लागल्या. एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांची लोकर धरून बसले होते. पुढे त्या म्हणाल्या, घाबरलेल्याकडे जायचं नसतं. त्याच्याजवळ बसून आपलं काम करायचं. यायचं की नाही ते त्याला ठरवू द्यायचं.

तर मी कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि गवार मोडली.

१३ सप्टेंबर

पुन्हा पाठ. आज तांदूळ निवडले. मागे कुणीतरी श्वास घेत होतं.

१५ सप्टेंबर, बुधवार

सापडलं! सकाळी नीहारदींच्या स्वयंपाकघरातून मोहरीच्या तेलात मासे तळल्याचा वास वर आला. रोज येतो. रोज हे खिडकी लावतात. आज खिडकी लावण्याआधीच कपाटाखालून एक नाक बाहेर आलं. मग डोळे. मग सगळा चिवडा पोट जमिनीला घासत दारापर्यंत!

मी जिन्यातून हाक मारली. नीहारदी कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बौदी" — म्हणजे वहिनी — "कालीघाटच्या कुत्र्याला तुम्ही दूधभात घालता? त्याला काय मुंजीला बसवायचंय?"

माझं मलाच हसू आलं. आपण कुणाला लाड म्हणून द्यायचं, तर आपल्याला जे आवडतं ते देतो. हे पिल्लू मासळीच्या काट्यांवर वाढलेलं. त्याला आमचं तूप म्हणजे औषधच वाटलं असणार.

पण आमच्या उंबऱ्याच्या आत मासा आजवर आलेला नाही. तडजोड अशी: नीहारदी उकडलेल्या माशाचे तुकडे देणार, ते जिन्याच्या वरच्या चौकात खायचे, मग पंजे पुसून आत.

यांनी विचारलं, "पंजे पुसायला तो कबूल आहे का?"

तो! कालपर्यंत 'ते' होतं.

१८ सप्टेंबर, शनिवार

शैला आली. मंडळातली माझी सर्वांत जुनी मैत्रीण, आणि सर्वांत मोठ्या आवाजाची. तिला आधीच निरोप दिला होता — दारात थांब, त्याच्याकडे बघू नकोस, बोलू नकोस, तुकडा लांब टाक आणि बस. तिने सगळं केलं, फक्त न बोलणं जमलं नाही. "अगंबाई, हा तर अगदी आमच्या धाकट्या दिरासारखा बघतो!" चिवडा भुंकत कपाटाखाली. पण या वेळी जाताना तुकडा तोंडात घेऊन गेला. ही प्रगतीच.

चहा पिताना तिने आवाज खाली आणला. शैलाचा आवाज खाली आला की मला धडकी भरते.

"त्यांना सांगितलंस का?"

"सांगेन."

"ऑपरेशन काय तू एकटी जाऊन करून येणार आहेस? बाजारातून कोथिंबीर आणल्यासारखी?"

डॉक्टरांना मी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आहे. ते रागावले, पण शेवटी मान हलवली. शैलाला म्हटलं, मी हॉस्पिटलात असताना या दोघांना घरात एकटं राहता यायला हवं. आज मी गेले तर एक कपाटाखाली आणि एक खुर्चीवर, दोघंही उपाशी. आधी एवढं मार्गी लागू दे.

"म्हणजे शकुन, तुझं पोटाचं ऑपरेशन थांबलंय कुत्र्यासाठी?"

"कुत्र्यासाठी नाही गं," म्हटलं, आणि तिला आणखी एक लाडू वाढला.

२० सप्टेंबर, सोमवार

आता चिवडा माझ्याजवळ बसतो. मांडीला पाठ लावून. पण हे उठले की थरथर, दात, भुंकणं. मी आज नीट बघत बसले. हे पेपर वाचायला उठले — नुसते कान टवकारले. पाणी प्यायला उठले — गुरगुरला. बाहेर जायला उठले आणि खुंटीवरची छत्री काढली — मग जो काही आकांत! कपाटाखाली जाऊन जमीन ओली केली.

तर यांना नाही, छत्रीला भितो. गल्लीत त्याला छत्रीनेच हाणलं असणार. आणि हे तर कडक उन्हातही छत्रीशिवाय पायरी उतरत नाहीत. ऑफिसातली सवय. त्यांच्या हाताला आता छत्रीचा आकार आला आहे.

संध्याकाळी यांना सांगितलं. मग खाली वाकून स्वतःच्या घोट्याला हात लावला. "म्हणजे त्यालाही कुणीतरी डाग दिलाय म्हण."

२३ सप्टेंबर, गुरुवार

छत्रीची शिकवणी सुरू केली. मिटलेली छत्री खोलीच्या एका टोकाला आडवी ठेवायची आणि दुसऱ्या टोकाला चिवड्याला बसवायचं. त्याने छत्रीकडे बघितलं आणि गप्प राहिला की तुकडा. भुंकला तर रागवायचं नाही. आपणच थोडं लांब जायचं. रोज वीतभर जवळ.

मासा जिन्यात आणि छत्री खोलीत, हे काही जमेना. शेवटी हेच म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या दोन फरश्या जिन्यात धराव्यात." ऑडिटवाल्याने नियम वाकवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

हे छत्रीविना बाजारात गेले. पाऊस आला. भिजून आले. टॉवेल देताना मी पाहिलं — चेहरा शाळा बुडवलेल्या मुलासारखा होता.

२८ सप्टेंबर

छत्रीच्या मुठीवरून मासा खाल्ला. मुठीवरून!

५ ऑक्टोबर, मंगळवार. अष्टमी

गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेचा मांडव आहे, ढाक, म्हणजे यांचा मोठा ढोल, सकाळपासून वाजतो आहे. मी भीत होते. पण मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, रेडिओ चालू केला, चिवड्याला कपाटाजवळ त्याच्या पोत्यावर बसवलं. थरथरला, पण जिभल्या चाटत बसला. दुपारी तर ढाकाच्या आवाजात झोप लागली त्याला. यांनाही लागली. दोघांचं घोरणं एका लयीत. मी मांडवात पुष्पांजलीला गेले आणि परत आले, कुणाला पत्ता नाही.

लीनाचं पुण्याहून पत्र. "आई, या वयात कुत्रं? आणि बाबांना चालतं?" तिला लिहिलं, बाबा आणि कुत्रा दोघंही शिकताहेत, बाबा थोडे मागे आहेत.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

नीहारदी काशीला बहिणीकडे गेल्या, दिवाळीनंतर येतील. जाताना मला मिठी मारली, चिवड्याला म्हणाल्या, "तुझ्या माशाचं आता तूच बघ रे बाबा."

आणि मी यांना आज सांगितलं. लहानसं ऑपरेशन आहे, आत एक गाठ आहे, काढली की झालं. दोनतीन आठवडे लागतील. यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग विचारलं, "त्याला मासे कोण आणणार?"

मला कळलं की यांना काय विचारायचं होतं. मी म्हटलं, "तुम्ही."

१० ऑक्टोबर, रविवार

काय सांगू! हे मासळीबाजारात जाऊन आले. तीस वर्षं त्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावून रस्ता ओलांडणारे हे! रुमाल आजही होताच म्हणे. मासळीवाल्याने विचारलं, इलिश का रुई? यांनी रुमालातून सांगितलं, "कुत्ते के लिए." तो आणि आजूबाजूचे सगळे हसले. मग त्याने बारीक पुंटी मासे बांधून दिले आणि कसे उकडायचे तेही सांगितलं.

गच्चीवर स्टोव्ह नेला. जुन्या बिस्किटाच्या डब्यात पाणी. पंचा नेसून, तोंड फिरवून, लांब पळीने हे मासे ढवळत होते. मी म्हटलं, "सोवळ्यात करताय की काय?" म्हणाले, "तू खाली जा. मला हसवलंस तर श्वास घ्यावा लागेल."

चिवडा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून यांच्याकडे बघत होता. भुंकला नाही. मला बघायचीही त्याला फुरसत नव्हती. थोडं वाईट वाटलं. थोडंच.

१४ ऑक्टोबर

मासळीवाला यांना आता "चिवडाबाबू" म्हणतो. हे मला तक्रारीच्या सुरात सांगतात — रोज सांगतात.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं बिनसलं.

तिन्हीसांजेला हे अंधारात उठले आणि त्याच्या शेपटीवर पाय पडला. चिवडा किंचाळून फिरला आणि घोट्याला धरलं. रक्त नाही, नुसते दात उमटले. पण नेमका तोच घोटा. हे भिंतीला धरून उभे राहिले, चेहरा पांढरा.

"दे त्याला कुणालातरी," हे म्हणाले. "मला नाही जमायचं, शकुन."

चिवडा कपाटाखाली, पहिल्या दिवसासारखा. मी दोघांच्या मधे जमिनीवर बसले, दोघांकडे पाठ करून. हातात काही काम नव्हतं. नुसतीच बसले. ऑपरेशनला दोन आठवडे राहिलेत.

२० ऑक्टोबर

सकाळी उठले तर हे घरात नाहीत. कुणाकडे द्यायचं ते विचारायला गेले असतील, असं वाटलं. चहा टाकला. मग जिन्यात पावलं वाजली. हातात केळीच्या पानाचं पुडकं.

"अंधारात मी पाय दिला," हे कपाटाकडे बघत म्हणाले. मला नाही, त्याला. "दिवा लावायला हवा होता. चूक माझी."

मग यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. खाली बसले. गुडघे धरून, कण्हत, जमिनीवर — आणि कपाटाकडे पाठ केली. पेपर उघडला. पेपर उलटा होता.

तासाभराने चिवडा बाहेर आला. घोट्याचा वास घेतला. जुन्या डागाचा. मग तो चाटला. यांनी पेपराचं पान उलटलं नाही, हलले नाहीत, फक्त डोळे मिटून घेतले.

२६ ऑक्टोबर, मंगळवार. कालीपूजा, आपली दिवाळी

दुपारी हॉस्पिटलात रक्त तपासायला बोलावलं होतं. वाटलं चारपर्यंत येईन. तिथे रांग, मग ट्राम अडकली. एस्प्लनेडलाच अंधार पडायला लागला आणि चहूकडे फटाके सुरू झाले. मी आयुष्यात ट्रामला एवढ्या शिव्या दिल्या नव्हत्या, त्याही मनातल्या मनात, इंग्रजीत. डोळ्यांसमोर एकच चित्र — खुर्चीत हे, कपाटाखाली तो, आणि घरात काळोख.

गल्लीत वळले आणि वर बघितलं. सगळ्या खोल्यांत दिवे. गच्चीच्या कठड्यावर पणत्या. वाकड्यातिकड्या, पण पणत्या!

वर गेले. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात यांची काळी छत्री उघडून भिंतीला टेकवली होती, तिच्यावर माझी गोधडी. आणि त्या छत्रीखाली हे बसले होते, मान वाकडी करून. मांडीवर चिवडा, तोंड यांच्या काखेत खुपसून. बाहेर बॉम्ब फुटला की तो थरथरायचा आणि हे जरा मोठ्याने म्हणायचे, "बे दीडे तीन… त्रिक दीडे साडेचार… चोक दीडे सहा…" दिडकी संपली की अडीचकी. शाळेत पंतोजींची भीती वाटायची तेव्हा हे असेच पाढे म्हणायचे म्हणे.

"छत्री त्यानेच निवडली," हे मला म्हणाले. "पहिला फटाका वाजला आणि गेला तो कपाटाखाली नाही, तिच्यामागे. म्हणून उघडली. ये, जागा आहे."

जागा नव्हती. तरी बसले. यांच्या हाताला माशाचा वास येत होता. दिवाळीच्या दिवशी!

३१ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी तिघं तळ्यावर. चिवड्याला पट्टा, यांना छत्री — आता दोघांचं छान जमतं, छत्री उचलली की तोच दाराशी. तोच बाक, रंग तेवढा नवा. झालमुरी घेतली. वाटेत तिघाचौघांनी यांना थांबवून चिवड्याची चौकशी केली. एक निवृत्त प्रोफेसर घोष आहेत, त्यांची म्हातारी कुत्री आहे. हे त्यांच्याशी बंगालीत बोलत होते. भयंकर बंगाली. पण बोलत होते! उद्यापासून रोज सहाला भेटायचं ठरलं आहे.

घोषबाबूंची कुत्री जवळ आली तेव्हा यांनी पाय वर घेतले. मग खाली वाकून चिवड्यालाही उचलून बाकावर घेतलं. दोघंही मांडी घालून बसल्यासारखे. मला हसून ठसका लागला.

३ नोव्हेंबर, बुधवार

अकराला हॉस्पिटल. पिशवी भरून झाली. हे टॅक्सी आणायला गेले आहेत, चिवडा बरोबर. तेवढ्यात लिहिते.

डॉक्टरांनी मला श्रावणातच सगळं सांगितलं होतं — गाठ कसली, आशा किती. मुदत मागितली तेव्हा आशाही आणखी कमी होईल म्हणाले. श्रावणातल्या त्या संध्याकाळी घरी आले, तर हे अंधारात खुर्चीत बसलेले. दिवा न लावता. "तू येशीलच म्हटलं." दुसऱ्या दिवशी मी नीहारदींना विचारलं, कुणाकडे पिल्लू आहे का, ज्याला माणसाची फार गरज आहे.

परत आले तर हे पान फाडीन. नाही आले, तर —

मोत्याच्या कुड्या लीनाला. शिवणाचं मशीन शैलाला, आणि लाडवांचा डबाही. रिकामा देऊ नये. पितळेची परात नीहारदींना, त्यांचा तिच्यावर डोळा आहे. विणायच्या सुया आणि उरलेली लोकर जबलपूरला, जिन्याखाली रडणारी एखादी असेलच.

छत्री चिवड्याची. काड्या बदलाव्यात, छत्री बदलू नये.

चिवडा यांना. हे चिवड्याला.

बाक सरकारी आहे, तो मला कुणाला देता येत नाही. पण रोज सहाला दोघांनी तिथे बसावं. घरातून निघताना दिवा लावून. पाय खाली सोडून.